उभ्या गाडीचा वीजखर्च आणि तो मोजणारी अ‍ॅप

विजेवर चालणारी मोटार कुलूप लावून उभी केली तरी तिचा वीजखर्च थांबत नाही. रात्री 80 टक्के दाखवणारी बॅटरी सकाळी 79 दाखवते, आणि आठवडाभर न हललेल्या गाडीचा पल्ला दहा-वीस किलोमीटरने उतरलेला असतो. पेट्रोलच्या गाडीतही असा खर्च होतो. घड्याळ, अलार्म, चावीचा संकेत ऐकणारा रिसीव्हर तिथेही जागेच असतात. पण तो 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीतून होतो, डॅशबोर्डवर त्याचा काटा नसतो, आणि बॅटरी बसेपर्यंत कोणाला त्याची गंधवार्ता नसते. विजेच्या गाडीत तोच खर्च टक्क्यांच्या रूपात रोज डोळ्यांपुढे येतो. फोनमधल्या अ‍ॅपमुळे तर तो घरबसल्या दर तासाला पाहता येतो. असे सतत पाहत राहण्यानेही बॅटरी उतरते, आणि या सगळ्या प्रश्नात सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच गोष्टीकडे होते.

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे हा प्रश्न समजून घ्यायला चांगले ठिकाण आहे. नागपूर इथून सुमारे 35-40 किलोमीटर. दवाखाना, बाजार, नोकरी यांसाठी जाऊन-येऊन होणारा फेरा लहान बॅटरीच्या गाडीलाही एका चार्जिंगमध्ये जमतो आणि चार्जिंग रात्री घरच्या मीटरवर होते. म्हणजे गाडी दिवसातले दोन-अडीच तास चालते आणि बाकीचा सगळा वेळ उभी असते. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात, अशी घरे आता तालुक्याच्या गावांतही असतात. आई-वडील त्यांच्याकडे महिनाभर राहायला गेले की गाडी महिनाभर पोर्चमध्ये. उलट बाजूनेही गाड्या येतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये आणि शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, आणि 2025 च्या राज्य विद्युत वाहन धोरणात या मार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर झाली. पोळ्याला किंवा दिवाळीला मुंबई-पुण्याहून आलेली अशी गाडी आठ-दहा दिवस अंगणात उभी राहू शकते. त्यात भर मे महिन्यातल्या नवतप्याच्या कडक उन्हाची.

विजेच्या मोटारींशी नागपूरचा संबंध जुना आहे. 26 मे 2017 रोजी ओला आणि महिंद्रा यांच्या सहभागाने टॅक्सी, रिक्षा, ई-रिक्षा आणि बस मिळून सुमारे 200 विजेच्या वाहनांचा प्रकल्प इथे सुरू झाला. टॅक्सींमध्ये महिंद्राच्या ई2ओ प्लस होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने आपल्या नागपुरातल्या पंपावर चार्जिंग केंद्र उघडले. फोनवरून बॅटरीवर लक्ष ठेवण्याची कल्पना भारतात त्याच्याही आधी आली. मार्च 2013 मध्ये बाजारात आलेल्या ई2ओमध्ये बॅटरी संपत आली तर फोनद्वारे राखीव चार्ज मोकळा करून घेण्याची ‘रिव्हाइव्ह’ नावाची सोय होती. टॅक्सीच्या ताफ्यात मात्र उभ्या गाडीचा प्रश्न फारसा उठत नाही. ती गाडी दिवसभर धावते, आणि तिच्या बॅटरीचे आकडे कंपनी पाहते. खासगी मालकाची गाडी बहुतेक वेळ उभी, आणि आकडे पाहणारा तो एकटाच.

सगळ्यात मोठा घोळ टक्क्यांचा आहे. ‘रोज एक टक्का जातो’ हे वाक्य बॅटरीचा आकार सांगितल्याशिवाय अपुरे राहते. टाटांच्या 2020 च्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत 30.2 युनिटांची, तिचा एक टक्का म्हणजे सुमारे 300 वॉट-तास. महिंद्राच्या एक्सईव्ही 9ईच्या 79 युनिटांच्या बॅटरीचा एक टक्का जवळजवळ 800 वॉट-तासांचा. दोन्ही मालक तोच एक टक्का सांगतील आणि खर्चात अडीच पटींहून जास्त फरक असेल. म्हणून हा खर्च वॉटमध्ये मोजावा. गेलेले टक्के गुणिले बॅटरीचे युनिट गुणिले दहा, भागिले उभे राहिल्याचे तास, हे साधे गणित पुरते. 40.5 युनिटांची गाडी चार दिवस, म्हणजे 96 तास उभी राहून तीन टक्के उतरली, तर सरासरी खर्च 12 ते 13 वॉट. एका छोट्या एलईडी दिव्याइतका. त्यात काळजीचे काही नाही.

एका रात्रीवरून निष्कर्ष काढणे तर फारच फसवे. पडद्यावर पूर्णांकात टक्के दिसतात. 30.2 युनिटांची गाडी दहा तासांत 80 वरून 79 वर आली, तर आतला खरा फरक एक दशांश टक्का असू शकतो, नाहीतर जवळजवळ दोन टक्केही. वॉटमध्ये सांगायचे तर 3 पासून 57 पर्यंत काहीही. शिवाय दाखवलेला टक्का हा थेट मोजलेला नसतो, तो अंदाज असतो. पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो तसे बॅटरीत काही नाही. बॅटरीचे नियंत्रण करणारा संगणक आत-बाहेर गेलेल्या प्रवाहाचा हिशेब ठेवतो, आणि गाडी काही तास शांत राहिली की व्होल्टेज पाहून तो हिशेब दुरुस्त करतो. भारतातल्या पुष्कळ गाड्यांत असलेल्या लिथियम-लोह-फॉस्फेट, अर्थात एलएफपी सेलमध्ये मधल्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे ही दुरुस्ती उशिरा आणि झटक्याने होते. सकाळी तीन टक्के ‘गेलेले’ दिसले, त्यातले दोन कदाचित आदल्या आठवड्यातच खर्च झालेले असतात. अशा गाड्या अधूनमधून 100 टक्क्यांपर्यंत भराव्यात, या सल्ल्यामागचे मुख्य कारण हेच: संगणकाला हिशेब जुळवून घेता यावा.

प्रत्यक्ष सेलमधून आपोआप होणारी गळती फार थोडी असते. लिथियम-आयन सेल सर्वसाधारण तापमानात महिन्याला एक ते तीन टक्क्यांच्या आसपास चार्ज गमावतो. उष्णता वाढली की हा वेग वाढतो, तरी रोज दीड-दोन टक्के जाण्याचे उत्तर सेलमध्ये सापडत नाही. ते गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत शोधावे लागते.

गाडी बंद करून दार लावल्यानंतर पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. बॅटरीच्या पेटीत मोठे रिले असतात, त्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात. ते ‘टक्’ असा आवाज करून उघडतात आणि काही शे व्होल्टची मुख्य बॅटरी बाकीच्या गाडीपासून तुटते. बॅटरीभोवती पाणी फिरवणारा पंप थोडा वेळ घरघरत राहतो, मग थांबतो. पण दारे, ब्रेक, स्क्रीन, मोडेम, चार्जर यांचे डझनावारी छोटे संगणक अजून एका सामाईक तारेवर एकमेकांना संकेत पाठवत असतात. प्रत्येकाचे काम संपले, तारेवर शांतता झाली, की मगच सगळे एकत्र झोपतात. एकाने जरी बोलणे चालू ठेवले तरी बाकीच्यांना जागे राहावे लागते. गाढ झोपलेल्या गाडीचा खर्च काही वॉट. जागी गाडी काही डझन ते 200 वॉट किंवा त्याहून जास्त ओढते. उभ्या गाडीचा सगळा हिशेब या दोन अवस्थांमधल्या फरकावर चालतो.

फोनवरून कोणी बॅटरीची ताजी स्थिती विचारली की हाच क्रम उलटा होतो. मोडेमला संदेश मिळतो, तो मुख्य संगणकाला उठवतो, तो बॅटरीच्या संगणकाला. अनेक गाड्यांत कॉन्टॅक्टर पुन्हा ‘टक्’ करून जुळतात. उत्तर दोन-चार सेकंदांत जाते, पण पुन्हा झोप लागायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. खाप्यासारख्या गावात रात्री अकरानंतर रस्ता शांत असतो आणि पोर्चमधल्या गाडीची ही टकटक खिडकीतून ऐकू येते. ठरावीक अंतराने, रात्रभर असा आवाज येत असेल तर गाडीला काहीतरी उठवत आहे, हे कोणतेही उपकरण न लावता कळते. उठवणारे दरवेळी अ‍ॅपच असते असेही नाही. दाराशेजारच्या खुंटीला टांगलेली स्मार्ट चावी गाडीपासून दोन-तीन मीटरवर असेल, तर काही मॉडेलांत गाडी ‘मालक जवळ आला’ असे समजून वारंवार जागी होते. चावी आतल्या खोलीत ठेवली की प्रश्न मिटतो. मोबाइलची रेंज कमकुवत असेल तिथे मोडेम टॉवर शोधत राहतो आणि जास्त वीज घेतो. शेतातल्या गोठ्यापाशी किंवा खोलगट जागी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा फरक पडतो.

मोठी बॅटरी 70 टक्के भरलेली आणि तरीही गाडी मेलेली, हा प्रकार पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतो. विजेच्या गाडीतही 12 व्होल्टची बॅटरी असते. दारांची कुलुपे, स्क्रीन, सगळे छोटे संगणक आणि मुख्य म्हणजे कॉन्टॅक्टर जोडणारी गुंडाळी तिच्यावर चालते. ती बसली की मोठ्या बॅटरीपर्यंत पोचायचा मार्गच बंद होतो. तिची क्षमता किती, तर 45 अँपिअर-तासांची असेल तर सुमारे 540 वॉट-तास, अर्धे युनिट. त्यातही शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरली तर लवकर खराब होते. म्हणून बऱ्याच गाड्या उभ्या असताना अधूनमधून जाग्या होऊन मोठ्या बॅटरीतून छोटीला भरून घेतात. मालकाला तेव्हा एक टक्का अचानक उतरलेला दिसतो. ही भरण्याची व्यवस्था बिघडली तर काय होते याचे उदाहरण 2024 मध्ये भारतात घडले. एकात्मिक चार्जिंग नियंत्रकातल्या संभाव्य दोषामुळे ह्युंदाईने 1,744 आयोनिक 5 आणि कियाने 1,138 ईव्ही6 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. दोष होता तो 12 व्होल्टची बॅटरी भरण्यात. विदर्भाच्या उन्हाळ्यात शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य मुळातच कमी. मोठ्या बॅटरीची आठ वर्षांची हमी पाहून गाडी घेणाऱ्याने ही छोटी बॅटरी मात्र दोन-तीन वर्षांनी तपासून घेतली पाहिजे. खाप्याला ती बसली आणि कंपनीचे सेवा केंद्र नागपुरात असले, तर काही हजारांच्या बॅटरीपायी गाडी चारही चाके उचलून न्यावी लागण्याची पाळी येते.

आतापर्यंतचा खर्च नकळत होणारा. काही खर्च मालकाने स्वतः चालू केलेल्या सोयींचा असतो. टेस्लाने फेब्रुवारी 2019 मध्ये आणलेला ‘सेंट्री मोड’ उभ्या गाडीभोवती कॅमेऱ्यांनी पहारा देतो. त्यासाठी मुख्य संगणक सतत जागा लागतो. 250 वॉट धरले तर दिवसाला सहा युनिट, म्हणजे 60 युनिटांच्या बॅटरीतले दहा टक्के. चार्ज 20 टक्क्यांखाली गेला की तो आपोआप बंद होतो. टेस्लाचे भारतातले पहिले दालन जुलै 2025 मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले, पण फोनवर गाडीभोवतीचे दृश्य दाखवणाऱ्या सोयी आता महिंद्राच्या नव्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांतही आहेत. नागपूरच्या उन्हात मोह पडेल अशी आणखी एक सोय म्हणजे बंद गाडीची केबिन फार तापू न देणारी वातानुकूलन व्यवस्था. टेस्लात ती चालक उतरल्यानंतर जास्तीत जास्त 12 तास चालते. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना कॉम्प्रेसर काही शे वॉटपासून किलोवॉटपर्यंत ओढतो. बस स्टँडजवळ दुपारभर उभ्या गाडीत ही सोय चालू राहिली, तर घरी परतण्याइतका पल्ला त्यातच जाऊ शकतो. त्यापेक्षा निघण्याआधी पाच-सात मिनिटे एसी लावणे कितीतरी स्वस्त, आणि गाडी चार्जरला लावलेली असेल तर तो खर्च बॅटरीवर पडतही नाही.

या सगळ्याचा समावेश गाडीच्या जाहीर पल्ल्यात नसतो. पुण्याच्या अरायसारख्या वाहनचाचणी संस्थेत पल्ला मोजला जातो तो रोलरवर ठरावीक चक्रात गाडी चालवून. उभ्या गाडीचा खर्च त्या चाचणीच्या कक्षेतच येत नाही. दिवसाकाठी पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीत मात्र हा न मोजलेला खर्च एकूण विजेचा लक्षणीय भाग होतो, आणि गावाकडच्या कित्येक गाड्या एवढ्याच चालतात. हा आकडा जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक असायला हवे.

तापमानाचा परिणाम दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींत गल्लत करू नये. एक तात्पुरता. फेब्रुवारी 2013 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जॉन ब्रोडर यांनी टेस्ला मॉडेल एस कनेक्टिकटमधल्या ग्रोटन इथे कडाक्याच्या थंडीत रात्रभर उभी केली. रात्री 90 मैल दाखवणारा पल्ला सकाळी 25 वर आला होता. त्या बातमीवरून कंपनी आणि वृत्तपत्र यांच्यात मोठा वाद झाला. अशा प्रसंगात काही ऊर्जा खरोखर खर्च होते, आणि काही थंडीमुळे तेवढ्यापुरती वापरता येत नाही. बॅटरी तापली की ती परत मिळते.

दुसरा परिणाम कायमचा, आणि विदर्भाला लागू पडणारा तोच. निसानच्या पहिल्या लीफ गाडीत बॅटरी थंड ठेवण्याची सक्रिय यंत्रणा नव्हती. 2012 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स परिसरातल्या मालकांना क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी एक-दोन गेलेल्या दिसल्या. गाडीचा पडदा फार ढोबळ माहिती देत होता. मालकांनी गाडीतल्या दोष-निदानाच्या पोर्टला जोडायची स्वतंत्र मापक उपकरणे वापरून बॅटरीत साठणारी ऊर्जा तपासली आणि सप्टेंबरमध्ये अनेक गाड्या एकाच रस्त्यावर चालवून पल्ला मोजला. पुढे 2013 मध्ये निसानने पाच वर्षे किंवा 60,000 मैलांत क्षमता नऊ पट्ट्यांखाली गेल्यास दुरुस्तीची हमी दिली. बाहेरच्या मोजमापाने मालकांच्या हाती पुरावा येतो, याचे हे ठळक उदाहरण, आणि ते विसरून अ‍ॅपना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. त्या लीफच्या सेलमध्ये मुख्य भाग लिथियम-मँगनीज ऑक्साइडचा होता. उष्णतेत त्यातले मँगनीज थोडे थोडे द्रावणात विरघळते आणि सेलची क्षमता घटते. आजच्या एलएफपी सेलमध्ये मँगनीज नसते आणि ते उष्णता बरीच सोसतात. तरीही पूर्ण भरलेली बॅटरी आणि चाळीसच्या वरचे तापमान हे दोन्ही दिवसेंदिवस एकत्र राहिले तर वय लवकर वाढते. चार्ज उतरणे आणि क्षमता घटणे या वेगळ्या गोष्टी: पहिली चार्जिंगने भरून निघते, दुसरी नाही.

बाहेरच्या अ‍ॅपकडे लोक वळतात ते कंपनीचे अ‍ॅप अपुरे पडते म्हणून. टाटांचे झेडकनेक्ट, एमजीचे आय-स्मार्ट, ह्युंदाईचे ब्लूलिंक यांसारखी अ‍ॅप आत्ताचा चार्ज दाखवतात. रात्री किती वाजता किती वॉट गेले याचा आलेख मालकाला हवा असतो. टेस्लासाठी टेस्लाफाय, टेसी आणि स्वतःच्या संगणकावर चालवायचे मुक्त स्रोताचे टेस्लामेट अशी साधने यातूनच तयार झाली. ही साधने कंपनीच्या सर्व्हरमार्फत गाडीला माहिती विचारतात. सुरुवातीच्या काळात ती आंधळेपणाने दर काही मिनिटांनी विचारत, आणि झोपलेल्या माणसाला हलवून ‘झोप लागली का’ असे पुन्हा पुन्हा विचारल्यावर जे होईल ते गाडीचे होई. जागी गाडी 200 वॉट ओढते असे धरले आणि अ‍ॅप दर पंधरा मिनिटांनी तिला उठवते, तर ती झोपतच नाही: दिवसाला 4.8 युनिट, महिन्याला 144. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पाच 100 युनिटांचा आहे. म्हणजे एका घराच्या स्वस्त दरातल्या सगळ्या विजेहून जास्त वीज निव्वळ विचारपूस करण्यात जाते. तेच अ‍ॅप सहा तासांनी एकदा विचारेल आणि गाडी दरवेळी पाव तास जागी राहील, तर दिवसाला 0.2 युनिट, महिन्याला सहा.

चांगल्या साधनांनी यावर तोड काढली. गाडी जागी आहे की झोपलेली, एवढेच आधी सर्व्हरला विचारायचे; या प्रश्नाने गाडी उठत नाही. जागी असेल तरच तपशील घ्यायचे, आणि ती काही वेळ नुसती उभी दिसली की विचारणेच थांबवून तिला झोपू द्यायचे. टेस्लामेट यासाठी मुळात 21 मिनिटांची विश्रांती धरते. 2023 च्या अखेरीस टेस्लाने ‘फ्लीट एपीआय’ हा अधिकृत मार्ग सुरू केला. त्यात गाडी जागी असताना स्वतःच आकडे पाठवते, बाहेरून ढोसावे लागत नाही. पुढे या मार्गाला वापरानुसार शुल्क लागले, आणि विचारण्याचा खर्च अ‍ॅप बनवणाऱ्यांच्याही खिशाला जाणवू लागला. ह्युंदाई-कियाच्या गाड्यांत सर्व्हरवर साठवलेली शेवटची माहिती वाचणे आणि गाडीला उठवून ताजी माहिती मागणे हे दोन वेगळे आदेश आहेत. दुसरा वारंवार वापरला की आधी 12 व्होल्टची बॅटरी बसते. घरगुती स्वयंचलन यंत्रणेला गाडी जोडणारे बहुतेक जण इथेच चुकतात. अ‍ॅपमध्ये ‘रिफ्रेश’ करण्याचे अंतर कुठे लिहिले आहे, ते बदलता येते का, हे घेण्याआधी पाहावे. ते सापडतच नसेल, तर ते अ‍ॅप टाळलेले बरे.

भारतीय कंपन्यांच्या गाड्यांत बाहेरच्या अ‍ॅपचा रूढ मार्ग म्हणजे स्टिअरिंगखालचा ओबीडी, अर्थात दोष-निदानाचा पोर्ट. तिथे हजार-दीड हजारांचा ब्लूटूथ डोंगल लावून ‘कार स्कॅनर’सारख्या अ‍ॅपवर सेलचे व्होल्टेज, तापमान, खरा चार्ज, सगळे दिसते, आणि ते कंपनीच्या पडद्यापेक्षा कितीतरी बोलके असते. अडचण अशी की या पोर्टला 12 व्होल्ट नेहमीच चालू असतात. 50 मिलिअँपिअर ओढणारा स्वस्त डोंगल दिवसाला 1.2 अँपिअर-तास खातो. 45 अँपिअर-तासांची बॅटरी मध्ये भरली गेली नाही, तर तीन आठवड्यांच्या आत एकट्या डोंगलमुळे निम्मी होते. फोन जवळ असताना तो प्रश्न विचारत राहिला तर गाडीचे संगणक जागे राहतात आणि काम एका रात्रीतही होते. डोंगल तपासणीपुरता लावावा आणि काढून ठेवावा. चोरीच्या भीतीने बसवलेले जीपीएस ट्रॅकर आणि उभ्या गाडीतही चित्रण करणारे डॅशकॅम याच जातीचे. टॅक्सींना मात्र एआयएस-140 या मानकाप्रमाणे स्थान सांगणारे उपकरण सक्तीचे आहे. तिथे काढून ठेवण्याचा पर्याय नाही, म्हणून जोडणी तारा कापून न करता फ्यूजसह नीट झाली आहे का हे पाहणे महत्त्वाचे.

विजेपेक्षा गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. बाहेरच्या अ‍ॅपला खाते जोडताना मालक गाडीची डिजिटल चावी तिसऱ्याच्या हाती देतो. फेब्रुवारी 2016 मध्ये सुरक्षा-संशोधक ट्रॉय हंट यांनी दाखवून दिले की निसान लीफच्या फोन-अ‍ॅपमागच्या सेवेला ओळख पटवण्यासाठी फक्त गाडीचा ओळख क्रमांक पुरत होता. तो तर समोरच्या काचेतून वाचता येतो. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला त्यावरून उभ्या गाडीचा एसी चालू करता येई आणि बॅटरी उतरवता येई. निसानला ते अ‍ॅप काही काळ बंद ठेवावे लागले. जानेवारी 2022 मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड कोलंबो या 19 वर्षांच्या तरुणाने 13 देशांतल्या 25 हून अधिक टेस्ला गाड्यांपर्यंत आपण पोचू शकतो असे जाहीर केले. दोष टेस्लाच्या यंत्रणेत नव्हता; काही मालकांनी टेस्लामेट इंटरनेटवर उघडे ठेवले होते आणि गाडीचे टोकन, म्हणजे तिची डिजिटल चावी, तिथून वाचता येत होते. नुसते आकडे वाचायची परवानगी आणि दार उघडायची परवानगी वेगवेगळी मागणारे अ‍ॅपच घ्यावे. वापर संपला की कंपनीच्या खात्यात जाऊन ती परवानगी रद्द करावी. फोनमधून अ‍ॅप काढून टाकल्याने ती रद्द होत नाही. उभ्या गाडीच्या नोंदी म्हणजे घरात कोणी नाही याच्याही नोंदी असतात.

या आकड्यांवर हक्क कोणाचा, याबाबत युरोपीय संघाने स्पष्ट भूमिका घेतली आहे. 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या तिथल्या डेटा कायद्यानुसार इंटरनेटशी जोडलेल्या वस्तूने तयार केलेली माहिती वापरणाऱ्याला मिळाली पाहिजे, आणि त्याने सांगितले तर तिसऱ्या पक्षालाही. भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या माहितीचे रक्षण करतो. बॅटरीच्या संगणकातले आकडे मालकाला खुले करण्याची सक्ती त्यात नाही. बॅटरी हा गाडीचा सर्वांत महाग भाग आहे आणि जुन्या गाडीची किंमत तिच्या स्थितीवर ठरते. तिची नोंद मालकाला विनासायास मिळाली असती, तर डोंगल आणि टोकनच्या वाटेला फार थोडे लोक गेले असते.

महिनाभर बाहेरगावी जायचे असेल तर तयारी थोडीच लागते. बॅटरी 50-60 टक्क्यांच्या आसपास ठेवावी, उन्हाळ्यात 100 टक्के भरून मुळीच नाही. गाडी पश्चिमेच्या उन्हापासून आडोशाला, शेडखाली किंवा निदान झाडाखाली लावावी. पहाऱ्याच्या आणि केबिन थंड ठेवण्याच्या सोयी बंद, डोंगल आणि डॅशकॅमची तार काढलेली, स्मार्ट चावी गाडीपासून दूर. बाहेरच्या अ‍ॅपची परवानगी तेवढ्यापुरती रद्द करावी आणि कंपनीचे अ‍ॅप आठवड्यातून एकदाच उघडावे. तुलनेला आधार हवा असेल तर जाण्याआधी आठ दिवस सर्व अ‍ॅप बंद ठेवून गाडीचा मूळ खर्च वॉटमध्ये काढावा, मग एकेक अ‍ॅप चालू करून फरक पाहावा. चार्जिंगच्या सॉकेटला सब-मीटर असेल तर भिंतीतून गेलेली वीजही कळते. चार्जिंगमधली घट धरून ती पडद्यावरच्या आकड्याहून साधारण दहा-पंधरा टक्के जास्त निघते. गाडी जुन्या वायरिंगच्या घरात महिनाभर चार्जरला लावून ठेवण्यापूर्वी अर्थिंग तपासून घ्यावे. 12 व्होल्टची बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर जाण्याआधीच बदलावी. दार हाताने उघडण्याची धातूची चावी स्मार्ट चावीच्या आत असते. ती कशी काढायची आणि छोट्या बॅटरीला बाहेरून आधार कुठे जोडायचा, हे मागे राहणाऱ्या शेजाऱ्याला गाडीपाशी नेऊन दाखवून ठेवावे.